लिंक कुणाकडेही जाईल, नाव मात्र सभासदाचंच लागेल: गळ स्पर्धेची ऑनलाइन नोंदणी समजून घ्या



दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात आपल्याच सभासदांच्या दोन शेततळ्यांवर गळाने मासे धरण्याची स्पर्धा घ्यायचं ठरलं आहे. थंडी वाढली की रोहू, कटला, मृगळ खाणं कमी करतात आणि गळाकडे फिरकत नाहीत, म्हणून त्याआधीच उरकायचं. स्पर्धा खाजगी आहे, म्हणजे फक्त कंपनीच्या सभासदांसाठी. नाव नोंदणी मोबाईलवरून होईल.

हे कळल्यापासून कार्यालयात दोन प्रश्न रोज येतात. पहिला, "लिंक कधी टाकताय?" आणि दुसरा, "आमच्या मेव्हण्याला लिंक पाठवली तर चालेल ना?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, लिंक याच क्रमांकावरून येईल. दुसऱ्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल. कारण हीच पद्धत आपण पुढे बियाणे वाटप, तूर-हरभरा खरेदीची नोंदणी आणि प्रशिक्षणाच्या जागा यांसाठीही वापरणार आहोत. तेव्हा हा संदेश सवडीने पूर्ण वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा.

*१) जागा ३६च का?*

नोंदणी अडवायची कशाला, येऊ द्या की सगळ्यांना, असं काही जणांचं म्हणणं आहे. म्हणून आधी तळ्याचा हिशोब बघू.

दोन्ही शेततळी ३० मीटर बाय ३० मीटरची आहेत. एका तळ्याचा काठ चारही बाजूंनी मिळून १२० मीटर. त्यातली एक बाजू मोटर, पाइप आणि पाणी सोडण्याच्या जागेची, तिथे कुणाला उभं करायचं नाही. राहिला ९० मीटर. गळ मागे घेऊन फेकताना शेजाऱ्याच्या डोळ्याला किंवा कानाला लागू नये म्हणून दोन माणसांत ५ मीटर अंतर लागतं. म्हणजे एका तळ्यावर १८ जण, दोन्हीवर मिळून ३६. सोबत एक माणूस आणता येईल, पण तो मागे बसेल, गळ टाकणार नाही.

आता खरं कारण. दोन्ही तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर आहे. ओलं झालेलं, शेवाळ धरलेलं प्लास्टिक किती निसरडं असतं हे ज्यांच्याकडे तळं आहे त्यांना सांगायला नको. पाय घसरला की उतारावर हाताला धरायला काही मिळत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा अशा तळ्यातून आपल्या आपण वर येऊ शकत नाही. शेततळ्यात बुडून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. ३६ जणांवर लक्ष ठेवायला आपल्याकडे माणसं आहेत, दोर आहेत, हवा भरलेल्या ट्यूबा आहेत. शंभर-सव्वाशे माणूस काठावर आलं तर कोण कुठे उभं आहे हेही कळणार नाही.

म्हणून जागा ३६. हा आकडा तळ्याने ठरवलेला आहे, ऑफिसने नाही. फॉर्मने तो पाळायचा आहे.

*२) लिंक म्हणजे कुलूप नव्हे*

बऱ्याच जणांचा समज असतो की लिंक फक्त आपल्या ब्रॉडकास्टवर टाकली म्हणजे ती फक्त सभासदांकडेच राहिली. तसं होत नाही. लिंक म्हणजे शेताकडे जाणारी पायवाट. ज्याला दाखवाल तो चालत येणार. एका सभासदाने गावच्या ग्रुपवर टाकली, तिथून कुणी भजनी मंडळाच्या ग्रुपवर, तिथून क्रिकेटच्या ग्रुपवर. तासाभरात ती तालुकाभर होते. यात कुणाची लबाडी असते असं नाही. चांगली गोष्ट दिसली की पुढे पाठवायची, ही आपल्या सगळ्यांची सवय आहे.

तेव्हा लिंक लपवण्यावर भिस्त ठेवायची नाही. लिंक फिरणारच असं धरून चालायचं, आणि लिंक हातात असली तरी नाव फक्त सभासदाचंच लागेल अशी सोय करायची. ही आजच्या संदेशातली मुख्य गोष्ट.

*३) नोंदणी आवरण्याचे पाच मार्ग, आणि प्रत्येकातली खोट*

*पहिला: एक सामायिक पासवर्ड.* सगळ्यांना एकच शब्द द्यायचा, तो भरला तरच फॉर्म पुढे जाईल. खोट अशी की लिंक पुढे पाठवणारा माणूस पासवर्डही त्याच संदेशात लिहून पाठवतो. शिवाय गूगल फॉर्ममध्ये "हाच शब्द बरोबर" अशी अट घातली, तर तो शब्द त्या पानाच्या आतल्या मजकुरात असतो. जरा जाणकार पोरगा तो काढू शकतो.

*दुसरा: गूगल खात्याने साइन-इन, एका खात्याला एकच फॉर्म.* ऐकायला चांगलं वाटतं. पण यात एवढंच कळतं की एका खात्यावरून एकदाच फॉर्म आला. तो माणूस आपला सभासद आहे की नाही, हे गूगलला काय माहीत? शिवाय ज्यांच्या घरी दोन सभासद आणि फोन एक, त्यांचा दुसरा फॉर्म अडतो.

*तिसरा: ठराविक जीमेल पत्त्यांनाच परवानगी.* हा मार्ग पक्का आहे. पण त्यासाठी प्रत्येक सभासदाचा जीमेल पत्ता आपल्याकडे असायला हवा, आणि त्याच खात्याने त्याने फॉर्म उघडायला हवा. दुकानदाराने फोन सुरू करून देताना कुठलं खातं टाकलं हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना आठवत नाही. आपल्याकडे हे चालणार नाही.

*चौथा: फॉर्म सगळ्यांना खुला, नंतर यादीशी ताडून बघायचं.* येतील तेवढे फॉर्म येऊ द्यायचे, मग भागधारकांच्या नोंदवहीशी जुळवून जे सभासद नाहीत ते वगळायचे. हे काम करतं. पण एखाद्याने दुसऱ्याच सभासदाचं नाव आणि गाव टाकून फॉर्म भरला तर? गावात नावं सगळ्यांना माहीत असतात. नुसतं नाव जुळलं म्हणजे माणूस तोच, असं म्हणता येत नाही.

*पाचवा: प्रत्येक सभासदाला त्याचा स्वतःचा वेगळा कोड.* एक कोड, एक सभासद, एकदाच वापर. कोड दुसऱ्याला दिला तर स्वतःची संधी गेली. म्हणून हा कोड माणूस आपोआपच जपतो. इथे खोट एकच: कोड योग्य माणसाच्या हातात पोचला पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या नोंदीतला मोबाईल क्रमांक बरोबर पाहिजे.

*४) आपण काय करणार?*

चौथा आणि पाचवा मार्ग एकत्र. क्रम असा:

▪ प्रत्येक सभासदाला कंपनीच्या नोंदीतल्या मोबाईलवर एक सहा आकडी कोड वैयक्तिक संदेशाने येईल. ब्रॉडकास्टवर येणार नाही, कारण ब्रॉडकास्टवर एकच मजकूर सगळ्यांना जातो.

▪ त्यानंतर ब्रॉडकास्टवर लिंक येईल. ती उघडून नाव, गाव, फोलिओ क्रमांक, कोड आणि मोबाईल क्रमांक भरायचा. फोलिओ क्रमांक तुमच्या भाग प्रमाणपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, छापलेला असतो.

▪ फॉर्म पाठवल्यावर "आपला अर्ज मिळाला" असं दिसेल. *लक्षात घ्या, हा अर्ज आहे. जागा पक्की झालेली नाही.*

▪ कार्यालयात कोड, फोलिओ आणि नाव या तिन्ही गोष्टी नोंदवहीशी जुळवल्या जातील. तिन्ही जुळले तरच अर्ज ग्राह्य. एकाच कोडवर दोन अर्ज आले तर दोन्ही बाजूला ठेवून सभासदाला नोंदीतल्या क्रमांकावर फोन केला जाईल.

▪ जागा पक्की झाल्याचा संदेश पुन्हा नोंदीतल्याच मोबाईलवर जाईल. फॉर्ममध्ये भरलेला क्रमांक वेगळा असला तरी तिथे जाणार नाही. यामुळे कुणी तुमच्या नावाने परस्पर अर्ज केला असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

*५) कोड सहा आकडीच का? अक्षरं का नाहीत?*

काही सभासद म्हणाले, सरळ १, २, ३ असे क्रमांक द्या. तसं केलं तर ज्याला ४५ मिळाला त्याला ४४ आणि ४६ कुणाचे तरी आहेत हे समजणारच. म्हणून कोड क्रमाने नाहीत, विस्कटलेले आहेत. पहिला आकडा १ ते ९ पैकी, असे सहा आकडी ९ लाख कोड होऊ शकतात. सभासद ५०० धरले तरी अंदाजाने एखादा खरा कोड लागण्याची शक्यता १,८०० मध्ये एक. आणि लागला तरी त्याच्याशी जुळणारा फोलिओ आणि नाव कुठून आणणार?

अक्षरं टाळली, कारण फोनवर सांगताना "बी" की "डी", "एम" की "एन" असा घोळ होतो. शून्य आणि इंग्रजी "ओ" तर डोळ्यांनाही सारखेच दिसतात. कोड शून्याने सुरू होत नाही, कारण एक्सेलसारख्या तक्त्यात सुरुवातीचं शून्य गळून पडतं आणि मग खरा कोडही चुकीचा ठरतो.

*एक काळजी तुम्ही घ्या:* फोनचा कीबोर्ड मराठी असेल तर आकडे मराठीत उमटतात. माणसाला मराठी ५ आणि इंग्रजी पाच एकच, पण तक्त्यात जुळवताना मशीन ते वेगळे धरतं. फॉर्म भरताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. विसरलात तरी अर्ज बाद होणार नाही, आम्ही हाताने तपासू, पण वेळ लागेल.

*६) घरात फोन एक, सभासद दोन*

नवरा-बायको दोघे सभासद, मोबाईल एकच, अशी आपल्याकडे बरीच घरं आहेत. काही ठिकाणी शेअर आईच्या नावावर आणि फोन मुलाच्या खिशात. म्हणूनच "एका मोबाईलवर एकच अर्ज" अशी अट आपण ठेवलेली नाही. कोड सभासदाला आहे, फोनला नाही. एका फोनवर दोघांचे दोन कोड येतील. दोन वेगळे अर्ज भरा.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोड ज्या सभासदाचा, जागा त्याच सभासदाची. शेअर ताईंच्या नावावर असेल तर गळ टाकायचा पहिला हक्क ताईंचा. त्यांना यायचं नसेल आणि घरातलं दुसरं प्रौढ माणूस पाठवायचं असेल, तर त्यांनी स्वतः कार्यालयात फोन करून तसं सांगायचं. मुलाने परस्पर "आई येणार नाही, मी येतो" म्हटलेलं चालणार नाही. शेअर बाईचा आणि फायदा भलत्याचाच, हे स्पर्धेतही नको आणि बियाण्याच्या वाटपातही नको.

१८ वर्षांखालील मुलामुलींना स्वतःच्या नावाने अर्ज करता येणार नाही. सोबतीची एक जागा आहे, तीवर ते पालकाबरोबर येऊ शकतात. पण तेही मागे बसूनच.

*७) "आधी येईल त्याला" असं का नाही?*

पहिल्या ३६ अर्जांना जागा, असं ठेवलं असतं तर आमचं काम सोपं झालं असतं. पण ते न्यायाचं झालं नसतं. कुणाच्या शिवारात रेंज चांगली, कुणाला मोबाईलला नेट मिळवायला टेकडीवर जावं लागतं. ज्यांच्या फीडरला रात्रीची थ्री-फेज लाइट आहे ते पहाटेपर्यंत पाणी देऊन सकाळी झोपलेले असतात. सकाळी सातला लिंक टाकली आणि साडेसातला जागा भरल्या, तर फोनवर टपून बसलेल्यांना स्पर्धा मिळणार आणि शेतात राबणारे बाहेर राहणार.

म्हणून फॉर्म तीन दिवस खुला राहील. पहिल्या तासात भरलेला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भरलेला अर्ज यात काहीही फरक नाही. घाई नको. अर्ज ३६ पेक्षा जास्त आले तर ग्रामपंचायतीच्या आरक्षण सोडतीत काढतात तशा चिठ्ठ्या काढू. कार्यालयात, सभासदांसमोर, एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून. ३६ नंतरच्या आणखी दहा चिठ्ठ्या काढून प्रतीक्षा यादी क्रमाने लावू. कुणी जागा सोडली की यादीतल्या पुढच्याला फोन. मधला कुणी घुसणार नाही. संचालकांनाही हाच नियम आहे.

जागा मिळालेल्यांनी यायला जमत नसेल तर दोन दिवस आधी सांगा. न सांगता जागा रिकामी ठेवली तर एका सभासदाची संधी वाया जाते. आणि आपली जागा परस्पर दुसऱ्याला द्यायची नाही, विकायची तर मुळीच नाही.

*८) पैसे कधी भरायचे?*

जागा पक्की झाल्याचा संदेश आल्यावरच. *त्याआधी कुणीही, कितीही ओळखीचा वाटला तरी, पैसे मागितले तर देऊ नका.*

असं का? लिंक फिरायला लागली की तिच्यामागून खोट्या लिंकाही फिरतात. गूगल फॉर्म कुणीही पाच मिनिटांत बनवू शकतो. त्यावर आपल्या कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह टाकणं अवघड नाही. त्यामुळे "गूगलचा फॉर्म आहे, म्हणजे खरा असणार" हा विचार चुकीचा. बघायचं एवढंच, की लिंक तुमच्या फोनमध्ये सेव्ह असलेल्या कंपनीच्या क्रमांकावरून आली आहे का. दुसऱ्या कुठल्या ग्रुपवरून आली असेल तर उघडू नका. आमच्याकडून आलेली शोधा.

आणखी तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा:

▪ पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "परतावा घ्यायला पिन टाका" म्हणणारा चोरच समजा.

▪ नोंदणीसाठी कुठलंही ॲप डाउनलोड करावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर शेवटी "एपीके" लिहिलेली फाइल आली तर तिला हात लावू नका. शेतकरी योजनेच्या नावाने अशा फाइली पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार झालेले आहेत.

▪ फसवणूक झालीच तर लाजू नका, थांबू नका. लगेच *१९३०* या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

*९) फॉर्म काय विचारेल, काय विचारणार नाही*

विचारेल: नाव, गाव, फोलिओ, कोड, मोबाईल, सोबत कुणी येणार का, आणि अडचणीच्या वेळी घरच्या कुणाला फोन करायचा.

विचारणार नाही: आधार क्रमांक, बँक खातं, सातबारा, जन्मतारीख, ओटीपी. मासे धरायला आधार कशाला लागतो? ज्या माहितीची गरज नाही ती गोळा करायचीच नाही, म्हणजे ती सांडायची भीती नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याचंही सांगणं हेच आहे. कशासाठी माहिती घेतो ते सांगा, संमती घ्या आणि लागेल तेवढीच घ्या.

भरलेले अर्ज कार्यालयातले दोघेच बघू शकतील. गूगल फॉर्ममध्ये एक सोय असते, अर्ज भरणाऱ्याला इतरांच्या उत्तरांचा गोषवारा दिसण्याची. ती आपण बंद ठेवणार आहोत. ती चुकून चालू राहिली तर सगळ्यांची नावं आणि मोबाईल क्रमांक ज्याच्याकडे लिंक असेल त्याला दिसू शकतात. स्पर्धा झाल्यावर महिनाभरात हा सगळा तक्ता काढून टाकू. फक्त विजेत्यांची नावं ठेवू.

*१०) शेवटची तपासणी तळ्यावरच*

फोनवर कितीही कडक नियम केले तरी खरं फाटक शेताच्या बांधावर असतं. त्या दिवशी प्रवेशावर छापील यादी असेल. नाव सांगा, एखादं ओळखपत्र दाखवा, यादीवर सही करा, बिल्ला घ्या. बिल्ल्यावर खुंटीचा क्रमांक असेल, तीच तुमची गळ टाकायची जागा.

पक्क्या जागेच्या संदेशाचा स्क्रीनशॉट दाखवून प्रवेश मिळणार नाही. स्क्रीनशॉट दहा जणांना पाठवता येतो, यादीतलं नाव एकदाच खोडलं जातं. यादी कागदावर ठेवतोय, कारण तळ्यावर रेंज नाही. ऑनलाइन नोंदणी म्हणजे कागद नकोच, असं नाही.

बिल्ला नसलेला माणूस काठावर दिसला तर स्पर्धा थांबवली जाईल. त्याचा अपमान करायचा नाही, सावलीत बसवून चहा द्यायचा. पण काठावर उभं राहू द्यायचं नाही.

*११) तुमच्या स्वतःच्या तळ्यावर असं काही घ्यायचं असेल तर*

कृषी पर्यटन करणाऱ्या काही सभासदांनी विचारलं, की शहरातले लोक गळ टाकायला यायला तयार आहेत, आम्हीही नोंदणी ठेवू का? जरूर ठेवा. क्रम मात्र हाच ठेवा:

▪ आधी पाणी कुणाचं ते बघा. स्वतःच्या जमिनीतलं तळं असेल तर ठीक. धरण, पाझर तलाव, गावतळं इथले मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेले असतात. तिथे त्यांच्या आणि संबंधित विभागाच्या परवानगीशिवाय "खाजगी" स्पर्धा होत नाही.

▪ मग काठ मोजा आणि माणसांचा आकडा ठरवा. सुरक्षेची माणसं, गाठी मारलेले दोर, ट्यूबा, वर यायला दोरशिडी, चारही बाजूंनी कुंपण. हे नसेल तर नोंदणी उघडूच नका.

▪ कोण येऊ शकतो हे एका वाक्यात लिहा. "सभासद", "ओळखीचे", "पाहुणे" असे सैल शब्द नकोत. ज्याची यादी करता येते तेच "कोण".

▪ यादी लहान असेल, वीस-पंचवीस जणांची, तर फॉर्मच्या भानगडीत पडू नका. एकेकाला फोन करा आणि वहीत लिहा. फॉर्म लागतो तो माणसं जास्त आणि जागा कमी असतात तेव्हा.

▪ फॉर्म केलाच तर भरायची लिंक आणि बदल करायची लिंक यातला फरक ओळखा. बदल करायची लिंक दुसऱ्याच्या हाती गेली तर तो प्रश्नही बदलू शकतो आणि उत्तरंही वाचू शकतो. पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर लिंक उघडून खात्री करा.

▪ जागा भरल्या की फॉर्म बंद करा आणि "जागा भरल्या, धन्यवाद" असा संदेश तिथे लिहा. उघडा राहिलेला फॉर्म म्हणजे लोकांना दिलेलं खोटं आश्वासन.

*आता तुम्ही काय करायचं? चारच कामं:*

१. कंपनीचा हा क्रमांक फोनमध्ये सेव्ह आहे का बघा. सेव्ह नसेल तर ब्रॉडकास्टचे संदेश येत नाहीत. हा संदेश तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून आला असेल तर बहुधा कारण तेच आहे.

२. मोबाईल क्रमांक बदलला असेल तर ओळखपत्र घेऊन कार्यालयात या आणि नोंद बदलून घ्या. बंद पडलेला जुना क्रमांक कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. तुमचा कोड त्या अनोळखी माणसाकडे जाईल, आणि उद्या बियाण्याचाही जाईल. नोंद फोनवरून बदलली जाणार नाही, कारण मग कुणीही कुणाचाही क्रमांक बदलेल.

३. भाग प्रमाणपत्र काढून फोलिओ क्रमांक लिहून ठेवा. प्रमाणपत्र सापडत नसेल तर कार्यालयात विचारा.

४. कोड आला की तो कुणालाही पाठवू नका. कार्यालयातला माणूससुद्धा तुम्हाला फोन करून कोड विचारणार नाही.

आणि मेव्हण्यांचं काय? त्यांना सोबतीच्या जागेवर जरूर आणा. गळ टाकायची हौस असेल, ते स्वतः शेतकरी असतील आणि आपल्या कार्यक्षेत्रात त्यांची शेती असेल, तर सभासदत्वाचा अर्ज कार्यालयात मिळतो. या वर्षीच्या यादीत नाही, तर पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांचं नाव असेल.

काही अडलं तर कार्यालयाच्या वेळेत फोन करा किंवा या संदेशाला उत्तर म्हणून आवाजी संदेश पाठवा. लिहिता येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. कार्यालयात आलात तर फॉर्म भरायला मदत करू, पण कोड तुम्ही तुमच्या हाताने टाकायचा.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी
(सभासद सल्ला सेवा)